ब्रॉयलरच्या शेडमधलं बाळंतपण

अंबरपेठ, मलकपेठ आणि नामपल्ली येथील समस्त आप्तेष्ट, सोयरे आणि उगाच चौकशा करणारे शेजारी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या घराण्यात एकाच सकाळी सुमारे दोन हजार बालकांचं आगमन झालं आहे. सर्व बालकं पिवळ्या रंगाची आहेत. त्यांचे आईवडील कोण, याची माहिती कंपनीकडे असून ती आम्हाला देण्यात आलेली नाही. बारसं ठेवलेलं नाही, कारण नावं लक्षात राहायच्या आत सगळ्यांना कापायला न्यायचं आहे.

हे निवेदन मी खरोखरच आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं. मलकपेठेच्या एका मावसभावाने दुसऱ्या ओळीपर्यंतही न जाता अभिनंदन करून पेढे मागितले. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीला मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की डोकं दुखतं. त्यांनी नुसते अंगठे पाठवले. एका भाचीने फोन करून विचारलं, मामा, एवढं लाँग मेसेज कायकू टाकले, सब खैरियत है ना? मी म्हटलं, हौ, सगळी खैरियत आहे, फक्त तुझ्या मामीने कोंबड्या पाळल्यात.

तर मामीचं, म्हणजे माझ्या बायकोचं झालं असं. ती आयुष्यभर सरकारी नोकरीत होती. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर कशी जाते हे बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. शेवटी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेऊन ती घरी आली, आणि घरी आल्यावर तिला दिसलं की घरी मी आहे. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे दुपारनंतर घरीच असतो, आणि घरी असलो की बोलतो. सहा महिने तिने ते ऐकून घेतलं. मग एक दिवस मला गाडीत बसवून आउटर रिंग रोडच्या पलीकडे नेलं. आमच्या आजोबांची निजामाच्या काळातली शेती वाटण्या होत होत, विकली जात जात, तिथे तुकडाभर उरली आहे. त्या तुकड्यावर उभी राहून तिने हाताने एक लांबच लांब रेघ दाखवली आणि सांगितलं, इथे शेड बांधणार.

आणि बांधली. पूर्व-पश्चिम लांब, वर पत्रे, दोन्ही बाजूंना कमरेइतकी भिंत, भिंतीवर जाळी आणि जाळीवर खालून वर ओढायचे पडदे. शेजारी एक खोली. कोंबड्यांच्या एका कंपनीशी तिने करार केला. या धंद्यात कंपनी एका दिवसाची पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते, देखरेखीला सुपरवायझर पाठवते, आणि पक्षी मोठे झाले की घेऊन जाते. आपण फक्त जागा, पाणी, वीज आणि स्वतःची झोप द्यायची.

पण पहिली बॅच म्हणजे परीक्षा असते. पिल्लं फार मेली तर कंपनी दुसरी बॅच देत नाही, आणि एका कंपनीने सोडलेल्या शेडकडे दुसऱ्या कंपन्या फिरकत नाहीत. मग ती शेड भाड्याने सिमेंटच्या गोण्या ठेवायला देतात. रस्त्याला अशा दोन-तीन शेड आहेत. त्यांच्यावरून जाताना बायको मान दुसरीकडे वळवायची. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने काही उभं केलं होतं. मी एकदा सहज म्हणालो की नाही जमलं तर नाही जमलं, घरी आराम कर. त्यावर तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता रंगमंचावर आत्याचा प्रवेश.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या अलीकडचं, आवाज पलीकडच्या गल्लीपर्यंत जाणारा. ती आमच्याकडेच राहते. आमच्या घराण्यातली गेल्या पन्नास वर्षांतली सगळी बाळंतपणं तिने केली. बाळ दवाखान्यात जन्मू दे नाहीतर घरी, एकदा बाळंतीण उंबऱ्याच्या आत आली की राज्य आत्याचं. खिडक्या बंद, दारं बंद, फटींत चिंध्या, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, आणि शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं यांची धुरी. वारं लागता कामा नये, हे तिच्या शास्त्राचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. मी स्वतः त्या धुरीतून बाहेर आलेला आहे. अजूनही कुठे ओवा भाजल्याचा वास आला की मला पाय झाडून रडावंसं वाटतं.

माझ्या बायकोला आई नव्हती. तिची दोन्ही बाळंतपणं आत्याने केली. घरात सगळ्यांशी वाद घालणारी माझी बायको आत्यापुढे मात्र एक शब्द काढत नाही, याचं कारण हेच, आणि पुढे जे झालं त्याचंही कारण हेच.

पिल्लं संक्रांतीच्या जरा आधी आली. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळची थंडी बऱ्यापैकी कडक असते. शेड आदल्या दिवसापासून तापवून ठेवली होती. पत्र्याची गोल कुंपणं, आत भाताच्या तुसाचा थर, तुसावर वर्तमानपत्रं, वर दिवे. भोकं पाडलेली खोकी टेम्पोतून उतरली आणि आतून असा आवाज येत होता, जणू दोन हजार लोक एकाच वेळी दुधाच्या पिशवीबद्दल तक्रार करताहेत. खोकं उघडलं की पिवळा कापूस हलायला लागायचा. लांबून आलेल्या पिल्लांना आधी गुळाचं पाणी देतात. बायको एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवत होती. मला आणि आत्याला बघायला म्हणून नेलं होतं.

आत्या बघायला आली होती ती बघतच राहिली. आल्याआल्या गूळपाणी, म्हणजे रीतीभातीची माणसं दिसतात, असं तिने म्हटलं. मग तिने विचारलं की एवढे दिवे कशाला. बायकोने सांगितलं की पिल्लांना आईची ऊब नसते, पहिले दोन-तीन आठवडे गार लागलं तर जगत नाहीत. आत्याने एकदा पिल्लांकडे बघितलं, एकदा पडद्यांकडे बघितलं. काल जन्मलेली, ऊब हवी, आणि आई नाही. कुक्कुटपालनाचं सगळं शास्त्र तिला त्या क्षणी कळलं. तिने मला सांगितलं की घरी जाऊन माझी पेटी घेऊन ये, मी इथेच राहणार. बायको शेजारच्या खोलीत राहतच होती, मग मीही कॉलेजात रजा टाकली.

त्या वर्षी ती नामपल्लीच्या नुमाइशलाही गेली नाही. तिच्या आठवणीत हे पहिल्यांदा घडलं. एरवी गुडघ्यांना पट्टे बांधून, दर दहा दुकानांमागे खुर्ची मागत, ती ते प्रदर्शन पुरं पालथं घालते. त्या गुडघ्यांबद्दल इथेच सांगून ठेवतो. आत्या गेली कित्येक वर्षं जमिनीवर बसलेली नाही. जेवण टेबलावर, पूजा खुर्चीवर, आरतीला भिंतीला टेकून उभी. तिच्यासाठी शेडवरसुद्धा एक प्लास्टिकची खुर्ची नेली होती.

आता आत्याचा कारभार. पडदे वरून वीतभर उघडे ठेवायचे, असं कंपनीने सांगितलं होतं, म्हणजे आतली घाण हवा वरच्यावर निघून जाते आणि पिल्लांच्या अंगावर वारं येत नाही. ती वीतभर फट आत्याला दिसली आणि तिला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिने पेटीतल्या जुन्या नऊवारी काढल्या आणि शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटी बुजवून टाकल्या. मी मलकपेठेच्या बाजारातून ओवा आणि बाळंतशेपा पोत्याने म्हणावा इतका आणून दिला. दुकानदाराने विचारलं, घरात कितीजणी बाळंत झाल्या? मी म्हणालो, मोजतोय. तीन शेगड्या आल्या. रोज सकाळ-संध्याकाळ आत्या हातात धुरीचं ताट घेऊन, पिल्लं चिरडू नयेत म्हणून पाय न उचलता घासत घासत, शेडच्या या टोकापासून त्या टोकाला जायची. धुरात तिची पांढऱ्या केसांची वेणी आणि मागे पिवळी गर्दी. इतका भव्य देखावा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

एकदा तिने एक पिल्लू उचलून उलटसुलट बघितलं आणि विचारलं, यांना कान कुठे असतात. बायकोने डोळ्यांच्या मागची पिसं बाजूला करून बारीक भोक दाखवलं. आत्याने सुस्कारा टाकला. एवढ्या भोकांना फडकं बांधणं तिलाही शक्य दिसेना. दृष्ट मात्र तिने काढली, आणि बायकोने हातापाया पडून मीठ-मिरच्या बाहेर रस्त्यावर जाळायला लावल्या.

बायकोला हे सगळं चुकतंय असं वाटत होतं, पण आत्याला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. मग तिने सरकारी मार्ग काढला. सुपरवायझर दर दोन-तीन दिवसांनी मोटरसायकलवर यायचा. तिशीतला, हसतमुख, बायकोशी तेलुगूत, आत्याशी दखनीत बोलणारा मनुष्य. आत्याला तो पेद्दम्मा, म्हणजे थोरली आई, म्हणायचा आणि मला नुसता सलाम करायचा. त्याच्या मोटरसायकलचा आवाज वळणावरूनच यायचा. आवाज आला की बायको धावत जाऊन नऊवारी ओढून काढायची, शेगड्या बाहेर ठेवायची, पडदे खाली घ्यायची. आत्याला सांगितलं होतं की साहेबांना गरम होतं. आत्याला ते पटायचं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचा जीव घाबरतोच, आणि खरं तर परक्या पुरुषाने तिथे यायचंच काय कारण, असं ती म्हणायची. सुपरवायझर यायचा, हवेशीर शेड बघून खूश व्हायचा, चहा प्यायचा, जायचा. तो वळणावर दिसेनासा झाला की आत्या पुन्हा नऊवारी कोंबायला उठायची. पडदा वर, पडदा खाली. एखाद्या नाटकात पडदा इतक्यांदा पडला असता तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

दुसऱ्या आठवड्यात पिल्लं शिंकायला लागली.

कोंबडीचं पिल्लू शिंकताना मी पहिल्यांदाच ऐकलं. बारीक, नीटनेटका आवाज, एखाद्या इन्स्पेक्टरच्या बायकोने रुमालात शिंकावं तसा. मला त्याचं हसू आलं, आणि बायकोला मात्र आलं नाही. दोन दिवसांनी काही पिल्लांचे डोळे पाणावून चिकटले. काही पंख पाडून एका कोपऱ्यात उभी राहायला लागली. खायला पुढे येईनात, चोच उघडून श्वास घ्यायची. मग रोज सकाळी काही मेलेली सापडायला लागली. बायको बादली घेऊन आत जायची, ती उचलून मागच्या खड्ड्यात टाकायची, वर चुना पसरायची आणि साबणाने हात धुऊन चहा ठेवायची. फक्त चहात साखर टाकायला विसरायची, आणि मी तो न बोलता प्यायचो. माझ्या बाबतीत न बोलणं ही गोष्ट किती मोठी आहे, ते ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

आत्याचं निदान तयार होतं. पिल्लांना वारं लागलं. एवढ्या चिंध्या कोंबूनही वारं कुठूनतरी शिरतंय. तिने गोधड्या मागवल्या. धुरी दोनदाची चारदा झाली. पिल्लं जास्त शिंकली की आत्या फटी जास्त बुजवायची, आणि फटी जास्त बुजवल्या की पिल्लं जास्त शिंकायची.

सुपरवायझर गोंधळला. त्याने पाण्यातून द्यायचं औषध दिलं. आजारी पिल्लं बाजूला काढायला सांगितली. पण शेड तर तो येतो तेव्हा हवेशीर असते, तूसही वरून नवा टाकलेला असतो, मग हा रोग येतो कुठून, ते त्याला कळेना. त्याने जागेवरच शंका घेतली. इथली हवाच चांगली नसेल, असं म्हणाला. मग जरा संकोचून बायकोला सांगितलं की अजून चार-पाच दिवस बघतो, पण असंच चाललं तर वर कळवावं लागेल, आणि मग दुसरी बॅच मिळायची नाही. त्याने ते वाईट वाटून सांगितलं. बायकोने त्याला नेहमीसारखा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चुना आणि नवा तूस आणायला गाडीतून निघालो. शेडवर आत्या होती. मला वाटलं बायको रडेल. ती म्हणाली, आज आत्याबाईंना सांगायचंच. घरी परत जा म्हणून सांगायचं. तालीम करू या का, असं मी विचारलं. एरवी तिने मला गाडीतून उतरवलं असतं. त्या दिवशी ती बरं म्हणाली.

मग मी आत्या झालो. मला आत्या चांगली जमते. लहानपणापासून करत आलो आहे. बायकोने सुरुवात केली की आत्याबाई, तुम्ही थकलात, अंबरपेठेला जाऊन जरा आराम करा. मी आत्याच्या आवाजात म्हणालो की थकते ती माणसं निराळी. बायकोने सांगितलं की कंपनीचा नियम आहे. मी विचारलं, कंपनीने कितीजणींची बाळंतपणं केलीत? बायकोने कितीतरी वाटांनी प्रयत्न केला आणि प्रत्येक वाटेवर मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. आत्याचं काम मी इतकं मन लावून केलं की रिंग रोड यायच्या आत बायको साफ हरली. मग तिने मला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"आई नसताना त्यांनी माझ्या पोरांना न्हाऊ घातलं," ती म्हणाली. "त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू, तुमच्या हातून माझी पिल्लं मरतायत म्हणून?"

माझं नाटक तिथे संपलं. मग ती म्हणाली की कुठल्या तोंडाने ते माहीत नाही, पण आज सांगणार. परत येईपर्यंत ती ओठातल्या ओठात एकच वाक्य पुटपुटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळची धुरी चालली होती. शेडच्या दाराशी पायावर औषधाचं पाणी घेतलं आणि बायको आत शिरली, मागे मी. सगळ्या फटी बुजवलेल्या, आत मंद पिवळा धूर, आणि शेडच्या ऐन मधोमध आत्या ताट घेऊन चाललेली. बायकोने दीर्घ श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि आमच्या डोळ्यांसमोर आत्या थांबली, तिने ताट बाजूच्या भांड्यावर टेकवलं, आणि ती सावकाश, एक हात तुसावर टेकत, खाली बसली.

आत्या जमिनीवर बसली.

आम्ही दोघं जागच्या जागी उभे. गणपतीसमोरसुद्धा न बसणारी बाई ब्रॉयलरच्या पिल्लांत मांडी मोडून बसली होती. पिल्लं आधी पांगली, मग परत येऊन तिच्या पदरावर चढायला लागली. आत्या एका पिल्लाला हातात घेऊन त्याच्या चिकटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिला खोकला आला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं आत्या रडतेय, आणि आता आपल्यालाही रडावं लागणार. पण तिने पदराने डोळे पुसले, नाक मुरडलं, मान खाली घालून तुसाचा वास घेतला, मान वर करून पुन्हा घेतला, आणि आमच्याकडे वळून जरा रागानेच बोलली.

"अगं, इथे खाली बसून बघ. श्वास घेता येत नाही. उघड ते सगळं."

बायको पुतळ्यासारखी उभी होती. आत्याने पुन्हा उघड म्हटल्यावर ती धावली. आम्ही दोघांनी मिळून नऊवारी, गोधड्या, चिंध्या, सगळं ओढून काढलं. पडदे वरून खाली घेतले. शेगड्या मी दोन्ही हातांनी बाहेर नेऊन ठेवल्या. मग मीही आत्याशेजारी उकिडवा बसलो, आणि मला कळलं. उभ्या माणसाच्या नाकाशी ओव्याचा बरा वास होता. गुडघ्याखाली मात्र डोळ्यांत झोंबणारी उग्र वाफ साचून राहिली होती. पाण्याच्या भांड्यांभोवती तूस भिजला होता, त्यात पिल्लांची घाण, वरून सगळं बंद. ती पिल्लं पंधरा दिवस त्या वाफेत राहत होती आणि आम्ही सगळे त्यांच्या डोक्यावरून हिंडत होतो.

आत्या मात्र उठली नाही. हवा स्वच्छ व्हायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ ती तिथेच बसून होती, पिल्लांच्या उंचीवर, एकेकाला निरखत. आम्ही दोनदा उठा म्हणालो. तिने हाताने थांबा अशी खूण केली. शेवटी आम्ही दोघांनी धरून तिला उठवली, तेव्हा तिने माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि खोलीत जाऊन पडली. बायकोने पाठ केलेलं वाक्य बोलायची वेळच आली नाही. त्या दिवशी चहात साखर पडली.

पुढचं साधं आहे. ओला तूस काढून टाकला, नवा पसरला, रोज सकाळी तो दाताळ्याने वरखाली करायला लागलो. पडदे वरून वीतभर कायम उघडे. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर आला तेव्हा मोटरसायकलचा आवाज ऐकून कोणी धावलं नाही. बायकोने त्याला चिंध्यांचा ढीग दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. त्याने ढिगातली एक नऊवारी उचलून बघितली. मग हसला. औषध चालू ठेवायला सांगितलं, आणि अजून चार दिवस थांबतो म्हणाला.

आजारी पिल्लं आम्ही टीव्हीच्या खोक्यात वेगळी ठेवली. त्यांचं खातं आत्याने खुर्चीवर बसून सांभाळलं. कोमट पाण्याने कापूस भिजवून त्यांचे डोळे उघडायचे, डोळ्यांत पाणी, चोचीत थेंब थेंब औषध. यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. काही वाचली, काही नाही. हळूहळू सकाळची बादली रिकामी राहायला लागली. शिंका थांबल्या, आणि शेडमध्ये पुन्हा तो तक्रारीचा सूर भरला.

मग पिल्लांचं पिवळं रूप गेलं आणि ती बेढब झाली. अर्धी पिसं, अर्धं कातडं, लांब पाय, आणि भूक अशी की खाद्याची गोण उघडायचा आवाज आला तरी दंगल. आत्याचा त्यांच्यातला रस तिथे संपला. मोठी झाली की ज्याची त्याने बघावी, असं तिचं बाळंतिणींच्या बाबतीतही धोरण असतं. महिनाभराने रविवारी बायकोने त्यातलाच एक पक्षी शिजवला तेव्हा मला घास उतरेना. आत्याने माझ्या ताटातला तुकडाही उचलला आणि मीठ जरा कमी आहे म्हणाली.

दरम्यान मी अंबरपेठेत माझं काम चालू ठेवलं होतं. आत्या पिल्लांत बसली, ही गोष्ट मी जिथे चारजण भेटतील तिथे सांगितली. सांगता सांगता ती जरा वाढली. भाजीबाजारात सांगितली तेव्हा आत्याने डोळे मिटले होते. बँकेच्या रांगेत सांगितली तेव्हा तिने पिल्लांशी काहीतरी पुटपुटलंही होतं. लोक घरी येऊन आत्याला नमस्कार करायला लागले. पिल्लांचं दुःख कळावं म्हणून ऐंशीला टेकलेली बाई गुडघे मोडून त्यांच्या उंचीला उतरली, यात नमस्कार करण्यासारखं होतंच. आत्या नमस्कार घ्यायची, आणि विषय बदलायची. मला तो तिचा विनय वाटला. आमच्या घराण्यात तो गुण कुणालाच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पक्षी नेले त्या सकाळी शेड एकदम मोठी आणि गप्प झाली. ट्रक गेल्यावर सुपरवायझर मागे थांबला. त्याच्यासोबत आसपासच्या शेडवाले चार-पाचजण होते. कुणाच्या शेडमध्ये पिल्लं शिंकत होती, कुणाच्या यायची होती. बायकोने सगळ्यांना चहा दिला आणि स्वतः मात्र कप हातात धरून उभीच राहिली. मग त्याने तिला सांगितलं की सुरुवात वाईट होती, पण नंतर शेड नीट राखली, आणि उन्हाळा चढायच्या आत दुसरी बॅच येईल. बायकोने कप खाली ठेवला. ती शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा बघून आली.

मग तो इतरांकडे वळला आणि तेलुगूत सांगायला लागला की शेडमध्ये उभं राहून काही कळत नाही, खाली बसून वास घ्यावा लागतो. बायकोने मध्येच थांबवून त्याला सांगितलं की हे आम्हाला आमच्या आत्याबाईंनी शिकवलं, आणि सगळ्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे आत्या गुडघ्यांना पट्टे बांधून बसली होती. सुपरवायझरने ती गोष्ट तेलुगूत पुन्हा सांगितली, आणि मला कौतुकाने नमूद करावंसं वाटतं की माझ्यापेक्षाही जास्त रंगवून सांगितली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात जोडले. मग सुपरवायझर आत्यापुढे वाकला, रिकाम्या शेडच्या मधोमध पसरलेल्या तुसाकडे हात केला आणि म्हणाला, पेद्दम्मा, त्या दिवशी कसं बसलात ते या लोकांना एकदा बसून दाखवा.

आत्याने तुसाकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"नक्को रे बाबा. त्या दिवशी मेला गुडघा धरला म्हणून पडले मी, बसले कुठं!"